एवढासा ‘द’, केवढा पसारा

क्रिकेटमधला ‘अंपायर’ मुळात ‘नूंपेर’ होता! जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा अर्थ जोडीत न बसणारा, म्हणजे दोघांच्या भांडणातला तिऱ्हाईत. त्याच्या आधी ‘अ’ हे उपपद लागायचं. ‘अ नूंपेर’ असं भरभर म्हटलं की मधला ‘न’ नेमका कुणाचा, हे ऐकणाऱ्याला कळेना. लोकांनी तो उपपदाला बहाल केला, ‘ॲन ऊंपेर’ झालं आणि पंचांचा ‘न’ कायमचा गेला. ‘एप्रन’चंही तेच, तो आधी ‘नेप्रन’ होता. उलटा प्रकारही घडला. ‘ईकनेम’ म्हणजे जादाचं नाव. ‘ॲन ईकनेम’मधला ‘न’ नामाला चिकटला आणि ‘निकनेम’ तयार झालं.

शब्दांची अशी मोडतोड करणारं हे ‘अ’ किंवा ‘ॲन’ म्हणजे जुन्या इंग्रजीतला ‘एक’. इंग्रजीतला ‘द’सुद्धा जन्मतः दर्शक सर्वनाम, आपल्या ‘तो-ती-ते’च्या जातीचं. लॅटिनमध्ये उपपदं नव्हतीच. पण तिच्या पोटच्या फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन या भाषांनी लॅटिनमधल्या ‘तो’ला झिजवून आपापला ‘द’ बनवला. रोमेनियनने तर तो नामाच्या शेपटीला जोडला. आपल्या गोष्टीतही आधी ‘एक राजा’ येतो आणि पुढच्या वाक्यापासून ‘तो राजा’ होतो. मराठी त्या वाटेवर थोडी चालली आणि मजेत थांबली.

‘द’ची खरी गंमत ही की तो वस्तूबद्दल काहीच सांगत नाही. तो ऐकणाऱ्याबद्दल सांगतो: मी कशाबद्दल बोलतोय ते तुला कळलंय, असं मी धरून चाललोय. हे काम उपपदाशिवायही होतं. ‘टेबलावर पुस्तक आहे’ म्हटलं तर कुठलंसं पुस्तक. ‘पुस्तक टेबलावर आहे’ म्हटलं की तू शोधतोयस तेच. ‘मी डॉक्टर शोधतोय’ म्हणणाऱ्याला कुणीही डॉक्टर चालेल. ‘मी डॉक्टरांना शोधतोय’ म्हणणाऱ्याला ठरावीकच डॉक्टर हवेत. शब्दांचा क्रम आणि एक विभक्तीचा प्रत्यय एवढ्यावर आपलं भागतं. ‘मराठीत द नाही’ हे खरं, पण ‘द’चं काम मराठी करतेच.

गाळलेल्या ‘द’ची किंमत

२२ नोव्हेंबर १९६७. जूनमधल्या सहा दिवसांच्या युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २४२ मंजूर केला. इस्रायलने या संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांतून सैन्य मागे घ्यावं, असं त्यात आहे. इंग्रजी मसुद्यात ‘प्रदेशां’च्या आधी ‘द’ नाही. इस्रायलने त्याचा अर्थ लावला: काही प्रदेशांतून, सगळ्या नव्हे. फ्रेंच मसुद्यात मात्र ‘दे तेरितुआर’ आहे. फ्रेंचमध्ये हा ‘दे’ म्हणजे ‘-तून’ आणि अनेकवचनी ‘द’ यांचा संधी. अरब बाजूचं म्हणणं, अर्थ उघड आहे, सगळे प्रदेश सोडा. रशियन मसुद्याकडे वळावं तर रशियनमध्ये उपपदच नाही! मसुद्याच्या वाटाघाटींत असलेल्या काहींनी पुढे सांगितलं की ‘द’ विचारपूर्वक टाळला होता. संदिग्ध राहिला म्हणूनच ठराव एकमताने मंजूर झाला, असं मला वाटतं. पण त्या संदिग्धतेवरचा वाद अर्ध्या शतकानंतरही मिटलेला नाही.

१९६९ साली चंद्रावर उतरलेल्या नील आर्मस्ट्राँगचं वाक्यही असंच अडलं. पृथ्वीवर ‘मॅन’च्या आधीचा ‘अ’ ऐकूच आला नाही. ‘अ मॅन’ म्हणजे एक माणूस, नुसतं ‘मॅन’ म्हणजे अवघी मानवजात. म्हणजे ‘अ’ नसेल तर मानवजातीचं छोटं पाऊल आणि मानवजातीची मोठी झेप, असा अर्थ होतो! आपल्याला ‘अ मॅन’च म्हणायचं होतं, हे आर्मस्ट्राँग यांनी स्पष्ट केलं होतं.

तुरुंगातला ‘द’

तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९०५ साली ‘फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे’ हे वाक्य तपासायला घेतलं. फ्रान्सला राजाच नाही, मग वाक्य खरं की खोटं? रसेल म्हणाले, खोटं. कारण असा राजा आहे आणि एकच आहे, हा दावा ‘द’ गुपचूप करून बसलाय. १९५० साली तत्त्वज्ञ स्ट्रॉसन यांनी हरकत घेतली: खरंही नाही, खोटंही नाही, तो प्रश्नच उद्भवत नाही. पहिल्या महायुद्धाला विरोध केल्याबद्दल रसेल १९१८ साली ब्रिक्स्टनच्या तुरुंगात होते. तिथे लिहिलेल्या गणिताच्या तत्त्वज्ञानावरच्या पुस्तकात त्यांनी या एका शब्दाला दोन प्रकरणं दिली, एक एकवचनी ‘द’ला आणि एक अनेकवचनी ‘द’ला.

तत्त्वज्ञानाबाहेरही ‘द’ची ओढाताण चालते. ओहायो स्टेट विद्यापीठाने २०२२ साली कपड्यांसाठी ‘द’ या शब्दाचा ट्रेडमार्कच मिळवला. ‘द फेसबुक’ने २००५ साली आपला ‘द’ टाकून दिला. युक्रेन १९९१ साली स्वतंत्र झाला, तेव्हापासून त्याच्या इंग्रजी नावाआधीचा ‘द’ मागे पडत गेला, कारण ‘द’मुळे ते देशाऐवजी एखाद्या प्रांताचं नाव वाटतं. गांबियाने मात्र ‘द’ अधिकृत नावात हट्टाने ठेवला. आणि अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट या लेखकाने १९३९ साली ‘ई’ हे अक्षर टाळून लिहिलेली ‘गॅड्सबी’ नावाची अख्खी कादंबरी प्रसिद्ध केली. साहजिकच तिच्या गोष्टीत ‘द’लाही मज्जाव होता!

नव्या भाषेत ‘द’ हवा की नको?

कोऱ्या कागदावर भाषा रचणाऱ्याला हा प्रश्न सोडवावाच लागतो. जर्मन धर्मगुरू श्लायर यांनी १८७९-८० मध्ये व्होलापुक रचली, ती उपपदाशिवाय. गणिती पेआनो यांनी १९०३ साली लॅटिनचे प्रत्यय छाटून भाषा केली, तिलाही उपपद नाही. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ येस्पर्सन यांच्या १९२८ सालच्या नोव्हियालमध्ये ‘ली’ आहे. १९५१ सालच्या इंटरलिंग्वात ‘ले’ही आहे आणि ‘उन्’ही.

माझ्या मते सगळ्यात माणुसकीचा निर्णय डॉ. झामेनहॉफ यांचा. ते बियालिस्तोकमध्ये वाढले. रशियन आणि पोलिशमध्ये उपपद नाही, यिडिशमध्ये आहे, आणि या तिन्ही भाषा त्यांच्या कानावरच्या. त्यांच्या एस्पेरान्तोत (१८८७) ‘ला’ हे एकच उपपद आहे. लिंग, वचन, विभक्ती कशानेही न बदलणारं. ‘अ’ नाहीच. व्याकरणाच्या सोळा नियमांतला पहिला नियम या ‘ला’चा. शेवटच्या नियमातही तो आहे: ‘ला’चा ‘आ’ गाळून नुसता ‘ल्’ ठेवायला परवानगी. कवींना त्याचा फार उपयोग. आणि १९०५ सालच्या ‘फुंदामेन्तो’त पहिल्या नियमाला एक टीप आहे: ज्यांना उपपद अवघड जातं, त्यांनी सुरुवातीला ते वापरलं नाही तरी चालेल. गाळलेल्या जागा भरताना ‘द’पाशी अडणाऱ्या आपल्या मुलांना असं कुणी कधी सांगितलंय?

पडद्यावरच्या क्लिंगॉन आणि दोथ्राकी या भाषांनी उपपदाला फाटाच दिला. कादंबरीकार टोल्किन यांनी मात्र एल्फांच्या भाषांत ते हौसेने ठेवलं. त्यांच्या सिंदारिनमध्ये उपपद पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षरही बदलतं. ‘पेरियन्नाथ’ म्हणजे बुटक्या लोकांची जमात, पण उपपद लागलं की ‘फेरियन्नाथ’. हे वळण वेल्श भाषेचं, आणि वेल्श ही टोल्किन यांची लाडकी भाषा.

सगळ्यात काटेकोर आहे तर्कशास्त्रावर बेतलेली लोजबान. तिच्यात ‘ले’ म्हणजे ‘मी ज्याला असं म्हणतोय तो’, आणि ‘ला’ म्हणजे ‘ज्याचं नाव असं आहे तो’. ‘श्रिबे’ म्हणजे अस्वल. त्यामुळे ‘ले श्रिबे’ जंगलात भेटेल. ‘ला श्रिबे’ हे एखाद्या माणसाचं नाव असू शकतं आणि तो गोष्टही लिहू शकतो. ‘ले’ने केलेलं वर्णन खरं असलंच पाहिजे, असंही बंधन नाही. ‘ले नान्मू शू निन्मू’ म्हणजे ‘मी ज्याला पुरुष म्हणतोय, ती बाई आहे’. नाटकात स्त्रीवेष केलेल्या नटाबद्दल किंवा दुरून ओळखायला चुकलेल्या माणसाबद्दल बोलताना आपणही हेच करतो. लोजबानने फक्त त्याला व्याकरणात जागा दिली.