कबाब शिजला, हे कशावरून ओळखावे?

आमचा धंदा कापडाचा. तेव्हा कबाबाविषयी आम्ही कशाला लिहावे, असे कोणी विचारील. कारण घरचेच आहे. आमच्याकडील एका वलिम्यात सीख कबाब वरून खमंग, तांबूस. पण तोडल्यावर आतला कीमा कोमट आणि चिकट. दुसऱ्या दिवशी चार पाहुणे जुलाबाने बेजार झाले. कारागीर नवखा नव्हता. त्याने रंग पाहिला, आणि रंगानेच दगा दिला.

पिंपरी, कासारवाडी, भोसरीपासून थेट चाकणपर्यंत शिफ्ट सुटली की शेगड्यांभोवती एकदम गर्दी होते. गिऱ्हाईक कामगार असतो. तो आजारी पडला तर त्याचा खाडा होतो आणि तो त्या गाडीकडे पुन्हा फिरकत नाही.

मिरची-हळदीचा लाल रंग कच्च्या मांसालाही असतो. उलट कोळशाच्या धुरातील वायूंमुळे पूर्ण शिजलेल्या मांसालाही गुलाबी छटा राहते, आणि कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडाजवळ शिजल्यानंतरही लाली दिसते. मऊपणाचेही तेच. कच्ची पपई लावलेले मांस आंच लागण्यापूर्वीच मऊ पडलेले असते. म्हणजे बोटाने दाबून कळते ते पपईचे काम, आंचेचे नव्हे.

अखंड बोटीत जंतू बहुधा वरच्या बाजूस असतात. तेथे निखाऱ्याची आंच थेट लागते. कीमा करताना मात्र वरचे सारे आत मिसळते. म्हणून सीख कबाब मध्यापर्यंत तापलाच पाहिजे. कोंबडीचेही तसेच समजावे.

खरा धोका आम्हाला अर्धकच्च्या मालात वाटतो. तंगड्या दुपारी अर्ध्या भाजून टांगायच्या आणि ऑर्डर आली की दोन मिनिटे शेकून द्यायच्या, ही रीत सर्रास आहे. त्या मधल्या तीन-चार तासांत माल ना थंड ना गरम, आणि जंतूंना हेच हवे असते. काही जंतूंचे विष नंतर कितीही शेकले तरी जात नाही. अर्धवट भाजायचेच असेल तर माल लगेच थंड करून फ्रीजमध्ये ५ अंशांखाली ठेवावा. टांगू नये.

थर्मामीटर नसेल तर तंगडीला जाड भागात हाडापर्यंत काप द्यावा; सांधा सहज फिरला पाहिजे. सीख कबाब मधोमध तोडावा: आत चिकटपणा नको, वाफ हवी. जुने उस्ताद बारीक सळई मध्यभागी खुपसतात, पाच मोजतात आणि मनगटाला लावतात. चटका बसला तर उतरवतात. मात्र हा सारा अंदाज आहे. हाताने सूत ओळखणारे आम्हीही माल मोजताना मीटरपट्टी घेतोच. आणि दिवसभर व्हर्नियर हाताळणाऱ्या कामगाराला आपण अंदाजाने खाऊ घालावे, हे बरे दिसत नाही.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या तपासणी यादीत मांसाहारी पदार्थाच्या गाभ्याचे माप असे आहे: ६५ अंश सेल्सियस १० मिनिटे, ७० अंश २ मिनिटे किंवा ७५ अंश १५ सेकंद. यातले कोणतेही एक गाठले की पुरे. गर्दीच्या वेळी ७५ लक्षात ठेवणे सोपे. थर्मामीटरचे टोक मधल्या जाड भागात असावे. हाडाला किंवा तापलेल्या सीखेला लागले तर आकडा खोटा येतो.

नवा थर्मामीटर आधी बर्फाच्या पाण्यात धरून पाहावा. शून्य दाखवला पाहिजे. उकळत्या पाण्यात १०० ची अपेक्षा धरू नये. पुण्याचा परिसर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, म्हणून पाणी येथे ९८ अंशांच्या आसपासच उकळते. आम्ही स्वतः पहिल्या दिवशी थर्मामीटर बिघडला समजून दुकानदाराकडे परत न्यायला निघालो होतो! दर वेळी टोक उकळत्या पाण्यात बुडवून पुसावे, आणि कच्च्या मालाचा चिमटा तयार मालाला लावू नये.