संधिशोथावरील व्यायाम व भौतिकी चिकित्सा

संधिशोथ (सांध्यांची दाहयुक्त सूज) व सांध्यांची झीज या विकारांतील वेदना आणि ताठरपणा कमी करण्यासाठी, तसेच सांध्यांची हालचाल व त्यांभोवतीच्या स्नायूंचे बल टिकविण्यासाठी योजिलेले व्यायाम आणि उष्णता, शीतता, पाणी, विद्युत् प्रवाह यांसारखी भौतिक साधने यांचा या चिकित्सेत अंतर्भाव होतो. या चिकित्सेने मूळ रोग नाहीसा होत नाही. रुग्णाचे उठणे-बसणे, चालणे व हातांची कामे स्वावलंबनाने चालू राहावीत, हे तिचे उद्दिष्ट असते. दुखरा सांधा हालविल्यास तो अधिक झिजेल, असा समज सर्वत्र आढळतो. बहुतेक जुनाट संधिविकारांत मात्र दीर्घकाळाची निश्चलताच अधिक हानी करते.

विकारांचे स्वरूप : संधिविकारांचे शंभराहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. व्यायामाच्या दृष्टीने त्यांपैकी दोन विशेष महत्त्वाचे आहेत. अस्थिसंधिशोथात सांध्यातील हाडांच्या टोकांवरील कूर्चा (गुळगुळीत, लवचिक आवरण) झिजते. वाढते वय, स्थूलता व जुनी इजा ही त्याची प्रमुख कारणे असून गुडघा, खुबा व आंगठ्याचे मूळ हे सांधे त्यात बहुधा सापडतात. संधिवाताभ संधिशोथात शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा सांध्याच्या अस्तरावरच आघात करते; हातापायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंना सुजतात आणि सकाळी दीर्घकाळ आखडलेले राहतात. आयुर्वेदीय ग्रंथांत संधिगत वात व आमवात अशी वर्णने असून आमवाताचे सविस्तर विवेचन माधवनिदान या ग्रंथात आहे.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमांतर्गत घेतलेल्या पाहणीत ४,०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के व्यक्तींना सांधे, स्नायू वा हाडे यांच्या तक्रारी आढळल्या. संधिवाताभ संधिशोथाचे प्रमाण मात्र सुमारे अर्धा टक्का होते. ग्रामीण भागातील सांधेदुखीचा मोठा हिस्सा झीज, श्रम व मऊ ऊतकांचे विकार यांतून येतो, असे यावरून दिसते. अशा विकारांत व्यायामाला मुख्य उपचाराचे स्थान आहे.

इतिहास : एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील अस्थिशल्यचिकित्सक ह्यू ओएन टॉमस (१८३४–९१) यांनी रोगग्रस्त सांध्याला दीर्घ व अखंड विश्रांती देण्याचा पुरस्कार केला. त्यांच्या काळी क्षयजन्य संधिविकार विपुल होते व त्यांत ही पद्धत उपयुक्त होती; पुढे ती इतर संधिविकारांतही रूढ झाली. फ्रेंच शल्यचिकित्सक ल्यूका-शांप्योन्येर (१८४३–१९१३) यांनी याउलट मर्दन व लवकर हालचाल यांवर भर दिला. कॅनडातील रॉबर्ट सॉल्टर (१९२४–२०१०) यांनी १९७० पासून सशांवर केलेल्या प्रयोगांत, सांध्याला सतत मंद हालचाल दिल्यास इजा झालेली कूर्चा निश्चल सांध्यापेक्षा चांगली भरून येते, असे दाखविले. नेदर्लंड्समध्ये संधिवाताभ संधिशोथाच्या सुमारे ३०० रुग्णांपैकी निम्म्यांना दोन वर्षे जोरकस व्यायाम देण्यात आला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांची कार्यक्षमता वाढली व बहुतेकांच्या सांध्यांची हानी त्यामुळे अधिक झाली नाही. आधीच फार खराब झालेल्या मोठ्या सांध्यांबाबत मात्र सावधगिरीची सूचना देण्यात आली.

शरीरक्रियावैज्ञानिक आधार : कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार आला, की कूर्चा दाबली जाऊन तिच्यातील द्रव बाहेर पडतो आणि भार निघताच संधिद्रव पोषक द्रव्यांसह पुन्हा आत शिरतो. ही देवघेव हालचालीवर अवलंबून असल्याने निश्चल सांध्यातील कूर्चेचे पोषण मंदावते. गुडघ्यावर येणारे आघात मुख्यतः मांडीच्या पुढील बाजूचा चतुःशिरस्क स्नायू झेलतो. वेदनेमुळे चालणे कमी झाले, की हा स्नायू अल्पावधीतच रोडावतो. मग आघात थेट सांध्यावर येतो, वेदना वाढते व चालणे आणखी कमी होते. हे दुष्टचक्र तोडणे हेच व्यायामाचे कार्य होय.

व्यायामाचे प्रकार : (१) हालचालीची व्याप्ती राखणारे व्यायाम : प्रत्येक सांधा दिवसातून एकदोन वेळा त्याच्या शक्य त्या पूर्ण मर्यादेपर्यंत सावकाश नेणे. (२) बलवर्धक व्यायाम : प्रारंभी सांधा न हालविता स्नायू आवळण्याचे व्यायाम देतात. उदा., पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी व ती पाच ते दहा सेकंद खाली दाबून धरावी. पुढे खुर्चीत बसून पाय सरळ करणे, आधार न घेता खुर्चीवरून उठणे व वजन वा रबरी पट्टीचा रोध यांची भर घालतात. (३) दमश्वास वाढविणारे व्यायाम : सपाट जागी चालणे, सायकल चालविणे, पोहणे. कमरेइतक्या पाण्यात सांध्यांवरील भार सुमारे निम्मा होत असल्याने स्थूल रुग्णांस पाण्यातील व्यायाम सोयीचे पडतात. (४) तोल व लवचिकपणा यांचे व्यायाम : यांत योगासनांचा उपयोग होतो; मात्र गुडघा पूर्ण दुमडणारी आसने खुर्ची वा उशीच्या आधाराने सौम्य करून घ्यावी लागतात.

व्यायामाचा परिणाम काही आठवड्यांनी जाणवू लागतो व व्यायाम थांबविल्यास ओसरतो. गुडघ्याच्या अस्थिसंधिशोथात वेदनेतील घट सामान्यतः माफक असते, परंतु औषधांचे जठर व मूत्रपिंड यांवरील दुष्परिणाम तीत नसतात. वजन एक किलोग्रॅमने घटल्यास चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोग्रॅमने कमी होतो. म्हणून स्थूल रुग्णांत व्यायामाला आहारनियमनाची जोड देतात.

भौतिक साधने : शेक, मेणाचे लेपन, लघुलहरी ऊष्मोपचार व श्राव्यातीत ध्वनितरंग यांनी स्नायूंचा आवळपणा कमी होतो, नव्याने सुजलेल्या गरम सांध्यास बर्फाचा शेक अधिक मानवतो. त्वचेवरून सौम्य विद्युत् स्पंद देऊन वेदनेची जाणीव बोथट करता येते. या साधनांचा लाभ अल्पकालिक असून व्यायामाची पूर्वतयारी हेच त्यांचे योग्य स्थान आहे. केवळ शेक घेऊन परतणाऱ्या रुग्णाचे स्नायू दुर्बलच राहतात.

दैनंदिन जीवनातील योजना : व्यायाम व सांध्यांचे संरक्षण यांची सांगड रुग्णाच्या व्यवसायाशी घालावी लागते. नासिक जिल्ह्यात दिंडोरी, निफाड या तालुक्यांत द्राक्षबागांची एप्रिलमधील खरड छाटणी व पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी यांत कात्री दिवसभर आवळावी लागते. त्याचा ताण आंगठ्याच्या मुळावर व मनगटावर येतो. जाड मुठीची, धारदार कात्री वापरणे, हात आलटून-पालटून काम करणे व मधूनमधून बोटे पूर्ण ताणून सोडणे, हे उपाय अशा वेळी उपयोगी पडतात. ब्रिटनमध्ये ४९० रुग्णांवर केलेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संधिवाताभ संधिशोथात हातांच्या नियमित व्यायामाने हातांची कार्यक्षमता वाढल्याचे दिसून आले. कांद्याची लागवड व खुरपणी उकिडवे बसून करण्याऐवजी ठेंगणे आसन घेतल्यास गुडघ्यावरील ताण कमी होतो. निफाड परिसरातील कडक थंडीत सकाळचा ताठरपणा अधिक जाणवतो. तेव्हा कोमट पाण्याने स्नान करून मग व्यायाम करणे इष्ट. वणीजवळील सप्तशृंगगडाच्या सुमारे पाचशे पायऱ्या चढण्यापेक्षा उतरणे गुडघ्यास अधिक जाचक असते. २०१८ पासून तेथे रज्जुमार्गाची सोय असल्याने रुग्णास दर्शनाचा मार्ग मोकळा राहतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी; तिची मूठ मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर असावी.

दक्षता : व्यायामानंतर दोन तासांहून अधिक काळ वेदना वाढलेली राहिल्यास पुढील वेळी मात्रा कमी करावी, व्यायाम सोडू नये. सांधा अचानक लाल व गरम होऊन ताप आल्यास तो जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी व्यायाम व मर्दन थांबवून त्वरित वैद्याकडे जावे. गाऊटच्या तीव्र झटक्यातही सांध्यास विश्रांती द्यावी. दीर्घकाळच्या संधिवाताभ संधिशोथात मानेचे मणके अस्थिर असण्याचा संभव असल्याने मानेस झटके देणे व शीर्षासन वर्ज्य होत. हृदयातील गतिकारक बसविलेल्या रुग्णास लघुलहरी ऊष्मोपचार देत नाहीत. संधिवाताभ संधिशोथात रोगनियंत्रक औषधांची जागा व्यायाम घेऊ शकत नाही. औषधे लांबणीवर टाकल्यास होणारी सांध्यांची हानी भरून येत नाही.

शिक्षण व सोयी : मुंबईत हाजी अली येथे १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. १९९८ मध्ये नासिक येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यातील अनेक भौतिकी चिकित्सा महाविद्यालये संलग्न आहेत. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाच्या शिक्षणाचे व नोंदणीचे नियमन राष्ट्रीय आयोगाकडे आले. तथापि महिनोन् महिने उपचारकेंद्रात येणे शेतमजुरास वा वृद्धास परवडत नाही. म्हणून पहिल्या काही भेटींतच घरी करावयाचे चारपाच व्यायाम रुग्णास व त्याच्या घरातील एखाद्या व्यक्तीस प्रत्यक्ष करवून शिकविणे आणि ठराविक अंतराने त्यांची तपासणी करणे, ही पद्धत अधिक व्यवहार्य ठरते. यंत्राच्या अभावी या चिकित्सेचे फारसे अडत नाही. नियमितपणाच्या अभावी मात्र ती निष्फळ होते.