संकेतस्थळ घडताना (भाग ४) : आधी मजकूर, मग रंग

मागच्या भागात डोमेन आणि होस्टिंग पाहिलं. आता त्यानंतरचे दिवस, ज्यांत ग्राहकाला वाटतं की टीम काहीच करत नाही. माझ्या मते वेबसाइट बरी होणार की वाईट, हे याच दिवसांत ठरतं.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला किंवा डोंबिवली एमआयडीसीतला कारखानदार येतो, तेव्हा वर सरकणारे फोटो आणि खाली संचालकांचं मनोगत असं चित्र त्याच्या मनात तयार असतं. जाणती टीम रंगाचा विषयच काढत नाही. ती विचारते, तुमच्याकडे फोन कोण उचलतं? आणि त्या व्यक्तीशी तासभर बोलते. खरेदी विभागातला माणूस काय विचारतो? कोणता माल, कुठल्या मापात, प्रमाणपत्र कोणतं, किती दिवसांत. ग्राहक शिकवणीचा क्लास असेल, तर फोन करणारे पालक बॅचची वेळ आणि फी विचारतात, आणि डोंबिवलीत हमखास, पूर्वेला की पश्चिमेला? हे प्रश्न ज्या क्रमाने येतात, त्या क्रमाने पानं ठरतात. मग करड्या चौकोनांचा कच्चा आराखडा, म्हणजे वायरफ्रेम. तो मोबाइलच्या मापातच काढावा. पाहणारा बहुधा लोकलमध्ये उभा असतो, एक हात कडीला, दुसऱ्यात फोन.

खरी कसोटी मजकुराची. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. अशा जुन्या संस्था ठाणे-कल्याण पट्ट्यात पुष्कळ आहेत. अशा ठिकाणचं काम आलं की अहवाल, स्मरणिका, याद्या समोर येतात. मराठी मजकूर अनेकदा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. त्या पद्धतीत रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर रोमन चिन्हांचा गोंधळ दिसतो, आणि गुगललाही तो मराठी म्हणून वाचता येत नाही.

तो युनिकोडमध्ये आणणारी साधनं आहेत, पण तेवढ्यावर विसंबू नये. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराआधी टाइप होई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलट. या अदलाबदलीत जोडाक्षरं निसटतात. म्हणून मुद्रितशोधनाचे दिवस वेळापत्रकात आणि पैसे अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरावेत. ते धरले नाहीत, तर संस्थेच्या संस्थापकांचंच नाव मुखपृष्ठावर चुकीचं छापलं जातं.

पुढचं काम अक्षरांच्या दिसण्याचं. हिंदी आणि मराठीतले ‘ल’ आणि ‘श’ वेगळ्या वळणाचे, पण युनिकोडमध्ये त्यांचा क्रमांक एकच. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवली आणि फॉन्टमध्ये ती सोय असली, तरच मराठी वळण उमटतं. एका ओळीचं काम, तरी कितीतरी मराठी वेबसाइटवर ते झालेलं नसतं, आणि मला ते दर वेळी खुपतं. इंग्रजी मथळ्यांसाठी अक्षरांत वाढवलेलं अंतर मराठीला लावलं की शिरोरेखा तुटते. ओळींमधलं अंतर मात्र मराठीला इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला भिडतो. म्हणून नमुना पान दाखवताना त्यात खरा मराठी मजकूर हवा. लॅटिन भरताडावर मंजूर झालेलं डिझाइन मराठी घातल्यावर हमखास मोडतं.

रंग, फोटो, बटणं यानंतर. ती कामं लवकर होतात. वेळ जातो तो मंजुरीत. विश्वस्त सात असले तर मतंही सात येतात, म्हणून शेवटचा शब्द कोणाचा आणि दुरुस्तीच्या फेऱ्या किती, हे करारातच लिहून घ्यावं. मग वेबसाइट खासगी पत्त्यावर चढवून तपासायची, स्वस्त फोनवर आणि मोबाइल डेटावर. चौकशीचा फॉर्म स्वतः भरावा आणि तो नेमक्या कोणाच्या ईमेलमध्ये पोहोचतो, ते त्या व्यक्तीच्या शेजारी बसून पाहावं.

पुढच्या भागात : वेबसाइट सुरू झाल्यावर ती सांभाळायची कोणी, आणि पासवर्ड कोणाकडे ठेवायचे.