जीवा आठवते का? टायटॅनिक, गोल चित्र आणि माझी एक चूक

आजच्या भागाची अडचण आधीच सांगते. बोलायचंय एका चित्राबद्दल, आणि तुमच्या तर कानात हेडफोन आहेत. बसमध्ये उभे असाल तर नुसतं ऐका. घरी असाल तर एक कोरा कागद आणि घरातल्या शाळकरी मुलाची कंपासपेटी घ्या.

झालं असं, की मागच्या महिन्यात मी टायटॅनिकच्या आकड्यांचा कॉर्ड डायग्राम काढला. १९१२ साली बुडालेलं तेच ते जहाज. झकास रंग दिले आणि धाकट्या भावाला दाखवला. त्यानं पाच सेकंद बघितलं आणि म्हणाला, "ताई, म्हणजे कर्मचाऱ्यांनी आधी आपलाच जीव वाचवला की!" मी गप्प. आकडे बरोबर होते, चित्र बरोबर होतं, आणि तो जे म्हणाला ते साफ चूक होतं. तेही बुडून मेलेल्या माणसांबद्दल.

तर चित्र काढू या. उंची, पगार ही माहिती आकड्यात मोजता येते. पण तिकीट कुठल्या वर्गाचं, माणूस वाचला की नाही, याची उत्तरं आकड्यात नसतात, गटात असतात. यालाच कॅटेगॉरिकल माहिती म्हणतात. असे दोन प्रश्न एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, ते दाखवायला हा डायग्राम वापरतात.

माझ्याकडचा तक्ता ब्रिटिश बोर्ड ऑफ ट्रेडनं गोळा केलेल्या माहितीवर आधारलेला आहे. त्यात एकूण २२०१ माणसं आहेत. एक वर्तुळ काढा आणि आडव्या व्यासानं त्याचे दोन भाग करा. वरच्या अर्ध्या भागात चार कंस: जहाजाचे कर्मचारी ८८५, म्हणजे साधारण ७२ अंश, तिसरा वर्ग ७०६, ५८ अंश, पहिला वर्ग ३२५, २७ अंश, दुसरा वर्ग २८५, २३ अंश. बेरीज १८०, जमलं! खालच्या अर्ध्या भागात दोनच कंस: दगावलेले १४९०, वाचलेले ७११. म्हणजे प्रत्येक माणूस चित्रात दोनदा आहे, एकदा वर, एकदा खाली.

आता वरच्या प्रत्येक कंसातून खालच्या दोन्ही कंसांकडे एकेक फीत न्यायची. जितकी माणसं, तितकी फीत रुंद. शाळेत वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणाऱ्या रेषाखंडाला आपण जीवा म्हणायचो ना? इंग्रजीत तीच कॉर्ड. इथं ती जाडजूड झालीय आणि जरा वाकलीय, एवढंच.

'वाचलेले' या कंसात येणाऱ्या फिती बघा. कर्मचारी २१२, पहिला वर्ग २०३, तिसरा १७८, दुसरा ११८. सगळ्यात रुंद फीत कर्मचाऱ्यांचीच. भावानं नेमकं हेच पाहिलं होतं. वाचलेल्यांत कर्मचारी सगळ्यात जास्त होते, हे खरंच आहे. पण कर्मचाऱ्यांपैकी किती वाचले, हा प्रश्न वेगळा. त्यासाठी फीत जिथून निघते त्या वरच्या कंसाकडे जावं लागतं. ८८५ पैकी २१२, म्हणजे २४ टक्के. पहिल्या वर्गात ३२५ पैकी २०३, म्हणजे ६२ टक्क्यांच्या वर! दोन फिती जवळजवळ सारख्या जाडीच्या, पण एक मोठ्या कंसाचा छोटा तुकडा आहे आणि दुसरी छोट्या कंसाचा मोठा.

आणि यात माझाही हात होता. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून दगावलेल्यांच्या फिती मी फिकट करड्या ठेवल्या होत्या. ६७३ कर्मचारी मेले होते, आणि त्यांची ती भलीमोठी फीत मीच पुसट करून टाकली होती. भावाला ती दिसणार कशी?

बरं, टक्के काढले तरी विषय संपत नाही. तिसऱ्या वर्गात २५ टक्के वाचले, कर्मचाऱ्यांत २४. म्हणजे तिसरा वर्ग किंचित बरा? आता बायका आणि पुरुष वेगळे करा, मुलं-मुली त्यातच धरून. तिसऱ्या वर्गातल्या १९६ बायकांपैकी ९० वाचल्या, कर्मचाऱ्यांतल्या २३ पैकी २०. पुरुषांत तिसऱ्या वर्गातले ५१० पैकी ८८, म्हणजे १७ टक्के. कर्मचाऱ्यांतले ८६२ पैकी १९२, म्हणजे २२ टक्के. दोन्हीकडे कर्मचारीच पुढे, आणि एकत्र केले की मागे! याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. कारण साधं आहे. कर्मचाऱ्यांत जवळजवळ सगळे पुरुषच होते, आणि त्या रात्री बोटींमध्ये बायका-मुलांना आधी बसवलं जात होतं. दोनच प्रश्न जोडणाऱ्या चित्रात हा तिसरा प्रश्न दिसायला जागाच नसते.

खरं सांगू? टायटॅनिकसाठी साधे आडवे स्तंभ काढले असते तर जास्त बरं झालं असतं. चार स्तंभ, प्रत्येकाची लांबी १०० टक्के, त्यात दोन रंग. काम झालं. कॉर्ड डायग्राम खुलतो तो दोन्ही बाजूंना तेच गट असतात तेव्हा. देशादेशांतलं स्थलांतर घ्या. गाय एबल आणि निकोला सँडर यांनी २०१४ साली 'सायन्स'मध्ये जगभरच्या स्थलांतराचे अंदाज असेच गोल चित्रात मांडले होते. माणसं इकडून तिकडे जातात, तिकडून इकडे येतात, आणि वर्तुळात दोन्ही दिशा एकदम दिसतात. गट मात्र मोजकेच ठेवा. वीस-पंचवीस झाले की नुसता शेवयांचा गुंता.

करून बघायचं असेल तर फ्लरिश किंवा रॉग्राफ्स ब्राउझरमध्येच चालतात. 'आर' येत असेल तर टायटॅनिकचा हा तक्ता त्यात आधीपासूनच असतो आणि 'सर्क्लाइझ' हे पॅकेज चित्र काढून देतं. रंग वरच्या गटाप्रमाणे द्या आणि कुठलीच फीत पुसट करू नका. मी माझं चित्र तसं नव्यानं काढलं आणि प्रत्येक कंसाशेजारी 'इतक्यांपैकी इतके वाचले' असं लिहून टाकलं. भावाला परत पाठवलंय. अजून दोन निळ्या टिकांच्या पुढे उत्तर आलेलं नाही. आलं की पुढच्या भागात सांगते!