दिवाणजीची लेखणी आणि गल्ल्याची किल्ली

धाराशिवच्या पेठेत पूर्वी आडत्याच्या गादीवर दोन वस्तू नेहमी जवळजवळ असत, पण त्यांचे धनी निराळे. लाल कापडी बांधणीची चोपडी दिवाणजीच्या मांडीवर असे आणि गल्ल्याची किल्ली मालकाच्या कमरेला. दिवाणजीला पेढीचे सारे ठाऊक असे. कोणत्या गावच्या पाटलाकडे किती येणे आहे, कोणाची हुंडी उद्या पटवावयाची आहे, मालकाच्या मेहुण्याने उचल किती केली आहे, हे मालकाच्या आधी त्याला कळे. तरी किल्ली त्याच्याकडे जात नसे, आणि त्यात त्याला कमीपणाही वाटत नसे. लेखणी त्याची, किल्ली मालकाची, ही वाटणी दोघांनाही मान्य होती.

आता चोपडीची जागा संगणकाने घेतली आहे. रोजकिर्दीला आपण डे बुक म्हणू लागलो, खतावणीचे लेजर झाले, तेरजेचा ट्रायल बॅलन्स झाला. नावे बदलली, जमाखर्चाचे शास्त्र होते तेच राहिले. मात्र या बदलात एक घोटाळा झाला, तो फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही. लेखणी आणि किल्ली या दोन वस्तू एका शब्दात कोंडल्या गेल्या. तो शब्द म्हणजे पासवर्ड. हिशेबनीस म्हणतो, 'शेठ, पासवर्ड सांगा, नोंदी करून टाकतो.' शेठ सांगतात. लेखणी दिली असे त्यांना वाटते. वस्तुतः किल्लीही गेलेली असते.

तेव्हा आपल्या दुकानाच्या संगणकातील वहीत हिशेबनिसाला येऊ द्यावे की नाही, आणि द्यावे तर कोठपर्यंत, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करू. प्रश्न लहान आहे, पण भूमच्या खव्याच्या भट्टीपासून तुळजापुरातील पूजासाहित्याच्या दुकानापर्यंत आणि कळंबच्या सोयाबीनच्या आडतीपर्यंत तो सर्वांनाच पडतो.

काही सावध मंडळींचे उत्तर सरळ असते: येऊच देऊ नये. वर्ष संपले की वहीची नक्कल पेनड्राइव्हवर काढावी आणि सोलापूर-लातूरच्या किंवा गावातल्याच सनदी लेखापालाकडे पाठवून द्यावी. ही सावधगिरी आम्हांला समजते, परंतु तिच्यातून निघते काय ते पाहा. लेखापाल आपल्याजवळच्या नकलेत घसारा लिहितो, कर्जावरील व्याज वेगळे काढतो, अखेरचा साठा धरतो, चुकलेली खाती दुरुस्त करतो. इकडे दुकानात मूळ वहीत नव्या वर्षाची विक्री चालूच असते आणि मधूनच कोणी मुलगा मागील मार्चची राहिलेली पावतीही चढवितो. आता एका दुकानाच्या दोन वह्या झाल्या. ताळेबंद सही होऊन येतो तो एका वहीचा, आणि व्यवहार चालतो तो दुसऱ्या वहीवर. पुढे बँकेत कर्जासाठी कागद मागितले, की आरंभीची शिल्लक जुळत नाही आणि मग मालक व लेखापाल एकमेकांकडे पाहत बसतात. आमच्या पाहण्यातील एका खताच्या दुकानात अशा दोन वह्या तीन वर्षे समांतर चालल्या होत्या. चोरी कोणीच केली नव्हती, पण खरी वही कोणती हे कोणालाच सांगता येईना.

म्हणजे हिशेबनिसाला त्याच वहीत येऊ दिले पाहिजे. पण मालकाच्या नावाने नव्हे. साऱ्या प्रश्नाचे मर्म आम्हांला येथे दिसते.

एकाच पासवर्डने मालक, त्याचा मुलगा, बिले करणारा पोरगा, आठवड्यातून दोनदा येणारा हिशेबनीस आणि वर्षाअखेर येणारा लेखापाल असे पाच जण लिहू लागले, की यंत्राच्या दृष्टीने लिहिणारा एकच. दहा हजारांची जमा रद्द झाली ती कोणी केली, या प्रश्नाला यंत्र उत्तर देईल: मालकाने! जुन्या चोपडीत असे होत नसे. तेथे अक्षर बोलत असे. वळणदार मोडी दिवाणजीची, किरटी मालकाची, आणि खाडाखोड केलेली जागा तर आंधळ्यालाही बोटाने लागावी. यंत्रात सर्वांचे अक्षर सारखे. म्हणून प्रत्येकाचे नाव वेगळे ठेवले, तरच त्याचे अक्षर वेगळे राहते.

येथे एकनाथांची आख्यायिका आठवते. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या हाताखाली नाथ हिशेब पाहत असत. एकदा एका पैची चूक राहिली. रात्रभर दिव्यापाशी बसून पहाटे ती सापडली, तेव्हा आनंदाने त्यांनी टाळी वाजविली. कीर्तनकार ही कथा एकाग्रतेसाठी सांगतात आणि ते योग्यच आहे. आम्हांला तीत आणखी एक गोष्ट दिसते. नाथांना चूक सापडली, कारण ती वहीत जागच्या जागी होती. कोणी ती ओळच पुसून दुसरी लिहिली असती, तर नाथ सकाळपर्यंत काय, चातुर्मास संपेपर्यंत बसते!

कायद्यालाही हे उमगले आहे. वस्तू व सेवा कर 1 जुलै 2017 पासून लागू झाला. त्याच्या नियमांतील 56 व्या नियमात म्हटले आहे की, हिशेबाच्या वहीतील नोंद खोडून वा गिरवून नाहीशी करू नये. हिशेब संगणकावर असेल तर बदललेल्या वा काढून टाकलेल्या प्रत्येक नोंदीचा माग ठेवावा. कंपन्यांच्या बाबतीत तर 1 एप्रिल 2023 पासून असा माग ठेवणारीच आणि तो माग बंद करता न येणारी प्रणाली वापरण्याचे बंधन आहे. आपल्यापैकी बहुतेकांची दुकाने कंपन्या नव्हेत, हे खरे. पण कराची नोंदणी असलेल्या साध्या दुकानदारालाही पहिला नियम लागू आहे. आणि माग असला तरी तो ज्याच्या नावापर्यंत जातो ते नावच पाच जणांचे सामाईक असेल, तर त्या मागाचा उपयोग तो काय?

आता हे करावयाचे कसे, ते थोडक्यात. आपल्याकडे टॅलीचा प्रसार अधिक, म्हणून तिचेच उदाहरण घेऊ. टॅलीत वापरणाऱ्यांच्या नावांची व्यवस्था चालू केलेली नसेल, तर जो वही उघडील तो सर्वाधिकारी. अनेक दुकानांत ती अशीच उघडी असते. ती चालू केली की मुख्य अधिकारी एक नेमावा लागतो. तो मालकाने स्वतः व्हावे. हे पद हिशेबनिसाला देऊ नये. मग त्याच्याखाली एकेकाचे नाव घालावे आणि त्या नावाला काय करता येईल व काय येणार नाही, ते ठरवावे. बिले करणाऱ्या मुलाने बिल करावे, पण ताळेबंद त्याला दिसण्याचे कारण नाही. हिशेबनिसाने नोंदी कराव्या, खाती उघडावी, पण नवे वापरणारे नेमू नयेत. मागील तारखेची नोंद किती दिवसांपर्यंत करता येईल याचीही मर्यादा घालता येते, आणि आमच्या मते ही सर्वांत उपयोगी पण सर्वांत कमी वापरली जाणारी सोय आहे. कराचे विवरण भरून झालेल्या महिन्यात कोणी हळूच बिल घुसडले, की पुढे नोटीस ठरलेलीच. लेखापाल परगावी असेल, तर त्याला त्याच्या स्वतःच्या ई-मेलच्या नावाने आत घेण्याची सोय टॅलीत आहे. झोहो बुक्ससारख्या इंटरनेटवरील वहीत तर निमंत्रण पाठविण्याचीच रीत आहे. तो तेथे बसून याच वहीत पाहतो, पेनड्राइव्हची येरझार संपते.

हा सगळा अविश्वासाचा मामला आहे, असे काही हिशेबनीस म्हणतात. 'एवढी वर्षे काम केले, आता आम्हांला कुलूप?' हा राग समजण्यासारखा आहे, पण तो अस्थानी आहे. मराठ्यांच्या राज्यकारभारात फडणीस हिशेब लिही, मुजुमदार तो तपासून पाही आणि पोतनीस रोकड सांभाळी. यांतील कोणालाच चोर ठरविण्यासाठी ही पदे निराळी केलेली नव्हती. ज्याच्या हाती लेखणी, किल्ली आणि शिक्का हे तिन्ही असतात, त्याच्यावर पैसा नाहीसा झाला की पहिला आळ येतो, मग तो कितीही निष्कलंक असो. वेगळे नाव हे प्रामाणिक हिशेबनिसाचेच चिलखत होय. सनदी लेखापालांना 1949 च्या कायद्याने अशिलाची माहिती बाहेर न फोडण्याचे बंधन घातलेले आहे. शहाणा लेखापाल मालकाचा पासवर्ड स्वतःच नाकारतो, असा आमचा अनुभव आहे.

वहीविषयी हे झाले. सरकारच्या दाराची किल्ली याहून नाजूक आहे, आणि तेथे आपल्या व्यापाऱ्यांनी मोठी चूक केली. 2017 साली नव्या कराची नोंदणी घाईने करावयाची होती. अनेकांजवळ ई-मेल नव्हता. मोबाइलवर आलेला आकडा कोठे घालावयाचा हे ठाऊक नव्हते. मग नोंदणी करून देणाऱ्याने आपलाच मोबाइल आणि आपलाच ई-मेल लिहून टाकला. काम झाले. पण पुढे सरकारची प्रत्येक सूचना, प्रत्येक नोटीस, सहीचा म्हणून येणारा प्रत्येक आकडा त्याच्याकडे जाऊ लागला आणि मालकाला आपल्याच दुकानाची खबर लागेना. हे आपल्याच जिल्ह्यात झाले असे नव्हे. जून 2018 मध्ये केंद्राच्या अर्थखात्याला पत्रक काढून सांगावे लागले की, मध्यस्थ आपले नाव व पासवर्ड देत नाहीत अशा तक्रारी करदात्यांकडून येत आहेत. अशा करदात्याने आपल्या विभागाच्या कर अधिकाऱ्याकडे ओळखीचे कागद घेऊन जावे, तो खातरजमा करून नवा ई-मेल व मोबाइल चढवील आणि नवा पासवर्ड मिळेल. स्वतःच्या दुकानात शिरण्यासाठी मालकाला सरकारी अधिकाऱ्याकडे अर्ज घेऊन उभे राहावे लागावे, ही स्थिती देशभर इतकी पसरली होती!

वास्तविक तेथेही सोय आहे. कराच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या जी.एस.टी. प्रॅक्टिशनरला आपले काम सोपविता येते आणि काढूनही घेता येते. आयकराच्या संकेतस्थळावरही लेखापालाला त्याच्या नावाने नेमता येते. मोबाइल आणि ई-मेल मात्र मालकाचाच असावा. ओ.टी.पी. म्हणून जो आकडा येतो ती आपली सही आहे. फोनवर तो सांगताना कशासाठी हवा आहे एवढे तरी विचारावे. डिजिटल सहीची जी लहानशी पट्टी असते, ती हिशेबनिसाच्या खणात वर्षभर पडून राहणे म्हणजे कोऱ्या कागदावर सह्या करून ठेवणेच होय. बँकेचा आकडा तर कोणालाच सांगू नये. हिशेबनिसाला हवा असतो तो बँकेचा उतारा, आणि तो छापूनही देता येतो.

राहता राहिला निरोपाचा प्रसंग. हिशेबनीस बदलतो, लेखापाल निवृत्त होतो, कधी भांडणही होते. वेगळे नाव असेल तर ते एक नाव बंद करावे, त्याने केलेल्या नोंदी त्याच्या नावाने तशाच राहतात. सामाईक पासवर्ड असेल तर सर्वांचेच कुलूप बदलावे लागते, आणि टॅलीत व्हॉल्टचा पासवर्ड घातलेला असून तो जाणाऱ्याबरोबर गेला, तर ती वही कायमची बंद. तो पुन्हा मिळविण्याचा मार्ग नाही. नक्कल आपल्या घरी असावी ती यासाठीच. हिशेबनीसच सोडून जातो असे नाही. कधी वहीवालाही जातो. क्विकबुक्स ही परदेशी प्रणाली 2023 साली भारतातील आपली सेवा आवरून गेली, तेव्हा तिच्या ग्राहकांना आपल्या वह्या उतरवून घेऊन दुसरे घर शोधावे लागले. कराच्या कायद्याप्रमाणे तर हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने जपावयाचे असतात. तेवढा काळ हिशेबनीस टिकेल, संगणक टिकेल, असे कोण सांगणार?

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला अजूनही बहुतेक दुकानांत वहीची पूजा होते. कोठे कोरी चोपडी ठेवतात, कोठे संगणकालाच हळदकुंकू लावतात. त्या संध्याकाळी पूजा झाल्यावर मालकाने वापरणाऱ्यांच्या नावांची यादी एकदा उघडून पाहावी. जो काम सोडून गेला त्याचे नाव काढावे, नवा आला त्याचे घालावे, वहीची ताजी नक्कल करून घ्यावी, आणि मुख्य पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट चिकटवून, घरातल्या कपाटात ठेवावा. तो कोठे ठेवला आहे हे पत्नीला किंवा मुलाला सांगून ठेवावे. प्रसाद वाटून होईपर्यंत हे काम उरकते.