हद्द कुणाची, रस्ता कुणाचा

लोणावळ्यात घर बांधणं वेगळं आणि लोणावळ्याजवळ बांधणं वेगळं. जाहिरातीत दोन्हीला ‘लोणावळा’च म्हणतात. त्यामुळे मुंबईकडून कुणी प्लॉटचे कागद घेऊन आलं, की मी आधी घराचं काही विचारत नाही. गाव कोणतं आणि गट नंबर काय, एवढंच विचारते. वडगाव मावळात तहसील कचेरीपासून हाकेच्या अंतरावर माझं ऑफिस आहे. घरांचे नकाशे काढायचे आणि ते मंजूर करून आणायचे, हा माझा धंदा.

तालुका एक, पण नकाशा मंजूर करणारे अनेक. लोणावळा-खंडाळ्याला लोणावळा नगरपरिषद, पार १८७७ सालची. तळेगावला तळेगाव दाभाडे नगरपरिषद. वडगावात २०१८ पासून नगरपंचायत आहे. औद्योगिक वसाहतीतला भूखंड असेल तर एमआयडीसी. आणि कार्ला, मळवली, पवनानगर, टाकवे अशी उरलेली गावं २०१५ साली स्थापन झालेल्या पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. त्यांचं ऑफिस आकुर्डीला. तरी सरपंचांचा ना-हरकत दाखला खिशात ठेवून पाया खोदायला घेतलेली माणसं अजून भेटतात. ‘घरपट्टी भरतोय की आम्ही!’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. घरपट्टी आकारली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही, हे ऐकून चेहरे उतरतात.

हद्दीचा एवढा घोळ मी घालते, कारण हद्द बदलली की नियमांचं पुस्तकच बदलतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं जवळजवळ सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच नियमावली आणली. तिला आम्ही यूडीसीपीआर म्हणतो. जिथं ती लागू नाही त्यांची यादी सुरुवातीलाच आहे. मुंबई महापालिका, एमआयडीसी, थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपरिषदा, असं करत करत त्या यादीत लोणावळा नगरपरिषदेचं नाव स्वतंत्रपणे घातलेलं आहे. त्यामुळे नगरपरिषदेच्या हद्दीबाहेरच्या वाकसईत प्लॉटवर जो बंगला बसतो, तो हद्दीतल्या तुंगार्लीत तेवढ्याच प्लॉटवर बसेल याची खात्री मी देत नाही. किती मजले, किती उंची, चारी बाजूंनी किती जागा मोकळी सोडायची, सगळं पुन्हा मोजायचं.

‘दीड हजार फुटांपर्यंत परवानगीच लागत नाही म्हणे!’ हे वाक्य तर मला रोज ऐकायला मिळतं. मूळ नियम यूडीसीपीआरमधला. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर छोटं घर असेल, तर नकाशे आणि इंजिनिअरचं प्रमाणपत्र द्यायचं, शुल्क भरायचं, आणि मिळालेली पावती हीच परवानगी. म्हणजे नकाशा आलाच, शुल्क आलं आणि नियमही आले. वाचली ती मंजुरीची वाट बघण्याची दगदग. एक आजोबा मात्र याच्याही पुढं गेले. ‘ताई, आमच्या आज्यानं हे घर बांधलं तवा कुणाला इचारलं व्हतं?’ मी म्हटलं, ‘आज्यांनी बँकेचं कर्ज घेतलं व्हतं का?’ हसले आणि बसले.

आता जमीन. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, जमिनीचा आकार नसतो. आकार आणि जागा कळते मोजणीत. भूमी अभिलेख खात्याकडे अर्ज करायचा, फी भरायची, लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, मग ठरल्या दिवशी भूकरमापक येतो. पूर्वी फळी लावून मोजायचे, आता रोव्हर घेऊन येतात. एका उंच काठीवरचं ते यंत्र कोपऱ्याकोपऱ्यावर धरलं, की उपग्रहावरून ठिकाण मिळतं. पवन मावळातल्या एका मोजणीला मी हजर होते. भाताची खाचरं, मधे बांध. बांधावर दोन्हीकडची भावकी उभी, कुणी काही बोलेना. रोव्हरची काठी बांधावर न थांबता पलीकडच्या खाचरात दोन पावलं आत गेली, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. भाताचा बांध दर पावसाळ्यात थोडा फुटतो आणि पुन्हा घालताना थोडा सरकतो. पिढ्यान्‌पिढ्या असं झालं की कागदावरची हद्द एकीकडे राहते आणि वहिवाट दुसरीकडे. माझ्या गिऱ्हाइकाचा जोता त्या दोन पावलांत येत होता. मोजणीची ‘क’ प्रत हाती पडल्याशिवाय मी कागदावर रेघ ओढत नाही, ते यासाठी. त्या एका कागदानं किती भांडणं आधीच उरकतात!

मोजणीच्या पाठोपाठ झोन दाखला. आपली जमीन शेती विभागात आहे, रहिवासी आहे की डोंगरउतारावर, हे त्यात कळतं. पीएमआरडीएनं २०२१ मध्ये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला होता. तो बघून अनेकांनी जमिनी घेतल्या. २०२५ मध्ये सरकारनं तो रद्द केला, आणि गावांचे दाखले पुन्हा १९९७ साली मंजूर झालेल्या प्रादेशिक योजनेवरच आले. एजंटाच्या मोबाइलमधल्या रंगीत नकाशावर भरवसा ठेवू नका, असं मी सांगते ते त्यामुळेच. शेती विभागात फार्महाऊस बांधायचं तर निदान ४० गुंठे, म्हणजे ०.४ हेक्टर जमीन लागते. रस्त्याकडेच्या फलकांवर ज्या पाच-पाच, दहा-दहा गुंठ्यांच्या ‘फार्महाऊस प्लॉट’ची जाहिरात असते, त्यावर फार्महाऊस मंजूर होत नाही. इतकं सरळ गणित असूनही ते प्लॉट खपतात, याचं मला अजून नवल वाटतं.

डोंगरउतारालाही माप आहे, एकास पाच. पाच मीटर पुढं जाताना एक मीटरपेक्षा जास्त चढ असेल, तिथं बांधकाम नाही. दऱ्याखोऱ्याचा ‘व्ह्यू’ बहुतेक नेमका तिथूनच दिसतो, त्यामुळे या नियमावर सर्वांत जास्त वाद होतात. ज्या भागात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तिथं डोंगर कापून घर बसवायला मी तरी तयार नाही. दरडीखाली गाडलं गेलेलं माळीण गाव इथून फार लांब नाही.

नदीकाठी दोन रेषा पाहायच्या. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत बांधकाम नाहीच. निळी आणि लाल यांच्यामध्ये अटी घालून परवानगी मिळते, आणि जोता लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावा लागतो. इंद्रायणी आमच्या कुरवंड्यातून निघते आणि खाली चिखलीला जाते. त्या चिखलीत निळ्या रेषेच्या आत उभे राहिलेले ३६ बंगले मे २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेनं पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता, सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला होता. राहत्या घरांवर जेसीबी चालताना सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्यानंतर काही दिवस माझ्याकडे येणारा जो तो आधी पूररेषेचं विचारायचा. आता पुन्हा विसरलेत.

बाकीचे दाखले जागेप्रमाणे. कार्ला, भाजे, बेडसे या लेण्यांपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरांत पुरातत्त्व खात्याच्या यंत्रणेची परवानगी लागते. रूळ जवळ असतील तर रेल्वेचा ना-हरकत दाखला. लोणावळ्यात आयएनएस शिवाजीच्या आसपास नौदलाला विचारावं लागतं. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची मात्र लोक उगाच धास्ती घेतात. त्याच्या मसुद्यात बंदी आहे ती २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांवर, तुमच्या दोन खोल्यांवर नाही.

या सगळ्यातून पार पडलेली माणसं अडतात ती रस्त्यावर. जीप जाते म्हणजे रस्ता आहे, असं त्यांना वाटतं. पण तो रस्ता गाव नकाशात आहे का? मंजूर ले-आउटमध्ये आहे का? की शेजाऱ्याच्या भलेपणावर चाललाय? शेतात जायला बांधावरून वाट हवी असेल तर तहसीलदार जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली ती देऊ शकतात. तेवढ्यावर बंगल्याचं भागत नाही. रुंदी लागते आणि हक्काचा कागद लागतो. प्लॉट घेण्याआधी रस्त्याचा कागद मागणारं गिऱ्हाईक आलं, की मी त्याला चहा पाजते.

एवढं जमल्यावर अर्जाचं काम सोपं, कारण ते आता ऑनलाइन आहे. नकाशा ठरावीक लेयरमध्ये काढून चढवायचा, आणि सॉफ्टवेअर तो तपासतं. या सॉफ्टवेअरला दयामाया नाही. एकदा बेडरूमच्या भिंतीची रेघ एका कोपऱ्यात जुळली नव्हती. डोळ्यांना दिसणार नाही एवढीच फट, पण खोलीचं क्षेत्र शून्य धरून नकाशा परत आला. विकास शुल्क येतं, बांधकाम खर्चावर १ टक्का कामगार उपकर येतो. स्वतःच्या राहण्याचं घर ठरावीक खर्चाच्या आतलं असेल तर उपकराची सूट असते. साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायची तरतूद १९६६ च्या नगररचना कायद्यात आहे, आणि गिऱ्हाइकं ती मला वाचून दाखवतात. पण नकाशा नियमात बसत असेल तरच ती लागू पडते. कागद अपुरे असतील तर तिचा काही उपयोग नाही.

बांधकामाची परवानगी दरवर्षी वाढवून घेत एकूण चार वर्षं चालते. इथं मात्र वर्ष पावसाच्या हिशेबानं मोजायचं. दिवाळीपर्यंत परवानगी हातात असली, तर जोता होतो, जोत्याची तपासणी होते आणि मृगाआधी स्लॅब पडतो. फेब्रुवारीत परवानगी मिळालेले निम्मं घर ताडपत्रीखाली ठेवून दसऱ्याची वाट बघतात.

शेवटचा कागद भोगवटा प्रमाणपत्राचा, आणि लोक नेमका तोच सोडून देतात. घरात राहायला लागलो, आता कशाला? बँकेचा शेवटचा हप्ता अडला किंवा घर विकायला काढलं, की धावत येतात. तोवर नकाशातली उघडी पडवी भिंती घालून बंद केलेली असते. आमच्याकडे पाऊस आडवा येतो, पडवी बंद करणं ही काही चैन नव्हे. पण कागदावर ते वाढीव बांधकामच, मग सुधारित नकाशा आणि वर दंड. म्हणून हल्ली मी पडवी नकाशातच बंद दाखवते, तिचं क्षेत्र धरते आणि शुल्क भरायला लावते. गिऱ्हाईक कुरकुरतं. जुलैत फोन येतो, बहुतेक वेळा आभाराचा, कधी कधी छत गळतंय म्हणून. गळतीच्या डागडुजीला परवानगी लागत नाही, ते मी फोनवरच सांगून टाकते.