परभाषिक अभिनेत्री आणि तिचा आवाज

गेल्या वर्षी पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याने लघुप्रबंधासाठी एक विषय सुचविला. मराठी मातृभाषा असलेली अभिनेत्री तेलुगू चित्रपटात बोलते, तेव्हा तिच्या तेलुगूवर मराठी उच्चारसवयींचा ठसा कितपत उमटतो, हे त्याला पाहावयाचे होते. विषय आकर्षक होता, सामग्री घरबसल्या मिळणारी होती, आणि प्रस्तुत लेखकाने तो फारसा विचार न करता मान्य केला, हे येथे कबूल केले पाहिजे. अभ्यासासाठी निवडलेला चित्रपट होता हनु राघवपूडी दिग्दर्शित ‘सीता रामम्’ (२०२२), आणि अभिनेत्री होत्या मूळच्या धुळ्याच्या मृणाल ठाकूर. विद्यार्थ्याने हुडकेश्वरच्या आपल्या खोलीत बसून कित्येक रात्री स्वरांची लांबी मोजली. निष्कर्ष असा निघाला की मराठीचा प्रभाव जवळजवळ शून्य आहे. तो आनंदला. मी मात्र साशंक झालो, कारण इतके निर्दोष फळ भाषाविज्ञानात सहसा हाती येत नाही. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. पडद्यावरील सीतेचा तेलुगू आवाज मृणाल ठाकूर यांचा नव्हताच. तो चिन्मयी श्रीपाद यांचा होता, आणि चिन्मयी यांची मातृभाषा तमिळ आहे.

ही चूक एका विद्यार्थ्याची किंवा एका मार्गदर्शकाची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. दक्षिणेच्या चित्रपटांत मराठी अभिनेत्रींनी जे काम केले, त्याचा इतिहास पाहिला म्हणजे बोलणारी व्यक्ती आणि दिसणारी व्यक्ती यांची फारकत कशी झाली ते कळते.

बोलपटाच्या आरंभी अशी फारकत शक्यच नव्हती. चित्रीकरणाच्या क्षणीच ध्वनी मुद्रित होत असे, म्हणून ज्याला जी भाषा येई ती तो बोले. १९३१ साली एच. एम. रेड्डी यांनी मुंबईत इंपीरियल कंपनीच्या स्टुडिओत ‘कालिदास’ हा चित्रपट केला. त्यात नायिका टी. पी. राजलक्ष्मी तमिळ बोलत आणि इतर पात्रे तेलुगू बोलत. आज हे हास्यास्पद वाटेल. परंतु त्यात एक सचोटी होती, ती ही की कानावर पडे तो आवाज बोलणाऱ्याच्याच मुखातला असे. तमिळ चित्रपट आणि मराठी स्टुडिओ यांचा संबंधही जुनाच आहे. १९३४ चा तमिळ ‘सीता कल्याणम्’ प्रभातने निर्माण केला होता, आणि त्याचे दिग्दर्शक बाबूराव पेंढारकर होते.

या पार्श्वभूमीवर शांता आपटे यांचे उदाहरण पाहावे. ‘अमृतमंथन’ (१९३४) पासून त्यांचे नाव झाले. ‘कुंकू’ (१९३७) मधील नीरेने ते महाराष्ट्राबाहेर नेले. ‘कुंकू’ची हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’ वेगळी चित्रित झाली होती, म्हणजे एकच भूमिका दोन भाषांत स्वतःच्या तोंडाने बोलण्याची सवय त्यांना होती. हिंदी आवृत्तीत तर लाँगफेलोची एक इंग्रजी कविताही त्या गायल्या आहेत. त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक १९४० साली आले, आणि १९४१ साली वाय. व्ही. राव यांच्या तमिळ ‘सावित्री’ची नायिका म्हणून त्या पडद्यावर दिसल्या. त्याच चित्रपटात एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी नारदाची पुरुषभूमिका केली होती. या एका भूमिकेसाठी शांताबाई सुमारे वर्षभर तमिळ शिकल्या, असे सांगितले जाते.

वर्षभर का लागावे, याचे उत्तर ध्वनिव्यवस्थेत आहे. मराठी भाषकास तमिळमध्ये काही गोष्टी आयत्या मिळतात. आपला ळ आणि ण तेथे आहेत. सामान्य हिंदी भाषकास ळ कष्टाने साधतो, आपणांस तो जन्मतःच येतो. आपण ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असा भेद करतो. तमिळमध्ये तो ‘नाम’ आणि ‘नाङ्गळ’ असा, तर तेलुगूत ‘मनमु’ आणि ‘मेमु’ असा आहे. ‘चार’ (संख्या) आणि ‘चारा’ (गवत) यांतील दोन वेगळे च मराठीत आहेत. तेलुगूच्या परंपरागत उच्चारातही अ, आ, उ, ओ या स्वरांपूर्वीचा च आपल्या ‘चारा’तल्यासारखा होतो. ही सर्व शेजारधर्माची फळे होत.

परंतु अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. ‘तमिळ’ या नावाचा अंत्य वर्ण आपण ळ लिहितो, पण तो आपला ळ नव्हे. जीभ मागे वळते, मात्र कोठेही आघात करीत नाही. ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ भेद मराठीत अर्थभेदक नाहीत. तमिळमध्ये ‘एडु’ ऱ्हस्व ए-ने उच्चारला तर ‘घे’, दीर्घ ए-ने उच्चारला तर पोथीचे पान. क, च, ट, त, प यांचे घोष आणि अघोष उच्चार शब्दातील स्थानावर ठरतात. लिपी त्यांत काही सांगत नाही. आपले ख, घ, थ, भ येथे निरुपयोगी ठरतात. शिवाय पौराणिक चित्रपटाची तमिळ घरातली नसे, ग्रंथातली असे. तेव्हा शांताबाईंनी केवळ भाषा नव्हे, भाषेचा एक विशिष्ट स्तर आत्मसात केला. ही त्यांच्या कारकिर्दीतील लहान गोष्ट नव्हे, जरी ती कारकीर्द पुढे मुख्यतः मराठी-हिंदीतच घडली.

पुढे ध्वनी मागाहून भरण्याची सोय झाली आणि सारे बदलले. नायिकेला भाषा येणे ही पूर्वअट उरली नाही. चेहरा एकीचा आणि वाणी दुसरीची, ही रीत रूढ झाली. आंध्र प्रदेशाच्या नंदी पुरस्कारांत स्त्री ध्वनिकलाकारासाठी स्वतंत्र पारितोषिक ठेवावे लागले, यावरून तिचा प्रसार ध्यानात यावा. पुरुषांच्या बाबतीत मात्र मापदंड निराळा दिसतो. मराठी घरात वाढलेले रजनीकांत तमिळ चित्रपटांत स्वतःच्याच आवाजात बोलले, आणि त्यांचा तो वेगळा उच्चार त्यांच्या लोकप्रियतेचाच भाग झाला. ‘सीता रामम्’चे नायक दुलकर सलमान मल्याळी, त्यांनीही तेलुगू संवाद स्वतःच म्हटले. नायकाचा परकेपणा चालतो, नायिकेचा झाकला जातो. या विषमतेचे कारण केवळ तांत्रिक नाही, असे माझे मत आहे.

मृणाल ठाकूर यांच्या श्रमाला येथे उणेपणा आणावयाचा नाही. दुसऱ्याचा आवाज ओठांवर बसावा, यासाठी अभिनेत्रीला वाक्ये पाठ करून ती चित्रीकरणात म्हणावीच लागतात. म्हणून अभ्यासकाच्या हाती काहीच उरत नाही असेही नव्हे. प, ब, म या वर्णांसाठी ओठ मिटणे, उ आणि ओ-साठी ते गोल होणे हे दृश्य पुरावे त्यांचेच आहेत. ध्वनी एका व्यक्तीचा आणि ओष्ठचलन दुसरीचे, अशी ही मिश्र सामग्री आहे; तिची प्रत्येक बाजू कोणाच्या खात्यावर टाकावयाची, हे आधी ठरविले पाहिजे. चित्रपटातील वाक्य उदाहरण म्हणून उद्धृत करताना ते पडद्यावर म्हणणाऱ्या व्यक्तीबरोबर आवाज देणाऱ्या व्यक्तीचेही नाव लिहिण्याचा प्रघात आपल्या विभागात यापुढे पडावा, अशी माझी सूचना आहे.

आमच्या विद्यार्थ्याने विषय बदललेला नाही, सामग्री बदलली आहे. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा भागात तेलुगू ही अनेक घरांची भाषा आहे, आणि तेथे कामानिमित्त जाऊन राहिलेली मराठी माणसेही ती बोलतात. ऱ्हस्व आणि दीर्घ ए त्यांच्या तोंडी कसे येतात, हे ध्वनिमुद्रण करून तो आता मोजत आहे.